उदरातील ठोके आणि ऐकणाऱ्याचे कर्तव्य

अंधाऱ्या रात्री वाटेने जाणाऱ्या मनुष्यास विहिरीतून आलेली हाक ऐकू आली, तर त्या क्षणापासून तो पूर्वीचा वाटसरू राहत नाही. हाक ऐकण्यापूर्वी तो आपल्या घरी जावयास मोकळा होता; ऐकिल्यावर तो मोकळा नाही. त्याने दोर शोधिला नाही, माणसे जमविली नाहीत, आणि मुकाट्याने घरी जाऊन निजला, तर "मी काही त्यास विहिरीत ढकलिले नव्हते" हे त्याचे म्हणणे खरे असूनही त्याचा बचाव होत नाही. जे कानावर पडते ते अंगावरही पडते, असा हा न्याय आहे.

हा विचार आज वाचकांपुढे मांडण्याचे कारण असे की, जी हाक हजारो वर्षे कोणासही ऐकू येत नव्हती ती आता ऐकू येऊ लागली आहे. आईच्या उदरातील बालकास वाचा नाही. त्यास अन्न कमी पडले, रक्त कमी मिळू लागले, तर ते रडू शकत नाही. परंतु डॉपलर नावाच्या यंत्राच्या योगाने त्याच्या काळजाचे ठोके आणि त्याच्या नाळेतून वाहणारे रक्त ह्यांची वार्ता बाहेर येते. तर प्रश्न असा की, अशी वार्ता मिळविणे योग्य आहे काय? आणि ती मिळाल्यावर ऐकणाऱ्यांवर कोणते कर्तव्य येते?

प्रथम ही वार्ता मिळते कशी ते पाहू. गरोदर स्त्रीच्या पोटास कान लावून बालकाचे ठोके ऐकण्याची गोष्ट नवी नाही. १८१८ साली जिनिव्हा शहरातील मेयर नावाच्या शस्त्रवैद्याने असे ठोके ऐकू येतात हे जाहीर केले. १८२१ साली पॅरिस येथील केर्गाराडेक नावाच्या वैद्याने त्या काळी नुकतीच निघालेली नळी पोटास लावून तेच ऐकिले. पुढे १८९५ साली पिनार ह्या फ्रेंच वैद्याने लहान कर्ण्याच्या आकाराची नळी प्रचारात आणिली. कर्ण्याचे रुंद तोंड पोटावर आणि दुसरे टोक कानाशी, एवढीच तिची रचना. तीस वीज लागत नाही, आणि जाणत्या परिचारिकेच्या हाती ती आजही उपयोगाची आहे.

डॉपलरचे तत्त्व मात्र निराळे आहे, आणि ते समजून घ्यावयास मोठ्या विद्यालयात जावयास नको. मध्य रेल्वेने कल्याणकडून मुंबईस जा-ये करणाऱ्यांस डोंबिवली व कल्याण ह्यांमधले ठाकुर्ली स्थानक ठाऊक आहे. स्थानक लहान, जलद गाड्या तेथे थांबत नाहीत, भोंगा वाजवीत फलाटाजवळून निघून जातात. अशा वेळी फलाटावर उभे राहून नीट ऐकावे. गाडी आपणाकडे येत असते तोवर भोंग्याचा स्वर चढा असतो, आणि ती समोरून पुढे गेली की तोच स्वर एकाएकी उतरतो. भोंगा तोच असतो, आणि गाडीत बसलेल्या मनुष्यास तो एकसारखाच ऐकू येतो. गाडी जवळ येत असता ध्वनीच्या लहरी दाटीवाटीने आपल्या कानाशी येतात, आणि ती दूर जाऊ लागली की त्या विरळ होतात. एवढाच ह्यातील भेद.

ऑस्ट्रिया देशाचा पंडित क्रिस्टियन डॉपलर ह्याने १८४२ साली प्राग शहरी हे तत्त्व मांडिले. तीन वर्षांनी, १८४५ साली, हॉलंड देशात बायस बॅलट नावाच्या विद्वानाने आगगाडीवर तुतारीवाले बसविले, रुळांच्या कडेस स्वर ओळखणारे वादक उभे केले, आणि हे तत्त्व खरे असल्याचे कानांनीच पडताळून पाहिले. डॉपलर १८५३ च्या मार्च महिन्यात वारला, आणि त्याच वर्षी १६ एप्रिल रोजी मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली. आगगाडीवर पडताळिलेले हे तत्त्व पुढे कोणा एके दिवशी गर्भातील बालकाच्या कामी येईल, असे त्या वेळी कोणाच्या स्वप्नीही नसेल.

आता यंत्राकडे वळू. मनुष्याच्या कानास एका सेकंदात सुमारे २०,००० कंपनांपलीकडचा ध्वनी ऐकू येत नाही. डॉपलर यंत्र ह्याहून पुष्कळच सूक्ष्म, सेकंदास २० ते ३० लक्ष कंपनांचा ध्वनी पोटात धाडते. बालकाचे हृदय हलत असते आणि रक्त वाहत असते, म्हणून त्यांवर आदळून परत येणारा ध्वनी थोडा बदललेला असतो. ठाकुर्लीच्या भोंग्याप्रमाणे, रक्त यंत्राकडे येत असेल तर स्वर चढतो आणि दूर जात असेल तर उतरतो. धाडलेला व परत आलेला ह्या दोहोंतील फरक यंत्र आपल्या कानास ऐकू येईल असा करिते. आई जो घोडदौडीसारखा आवाज ऐकून डोळ्यांत पाणी आणिते, तो हाच होय.

अशी यंत्रे मुख्यतः दोन प्रकारची आहेत. एक हातात मावणारे. १९६४ च्या सुमारास ह्या तत्त्वावर ठोके ऐकण्यास आरंभ झाला. ह्याने साधारणपणे बाराव्या आठवड्यानंतर ठोके ऐकू येतात, आणि ते पुढे मिनिटास ११० ते १६० असावेत असा नियम आहे. दुसरे यंत्र सोनोग्राफीस जोडलेले असते. त्याने रक्ताचा वेग व दिशा पडद्यावर दिसतात. १९७७ साली डब्लिन येथील वैद्यांनी नाळेतील रक्तप्रवाह ह्या रीतीने पाहून त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला.

ह्या दुसऱ्या यंत्राचे महत्त्व समजण्यासाठी नाळेचा व्यवहार ठाऊक पाहिजे. नाळेत दोन रोहिण्या व एक नीला असते. रोहिण्यांतून बालकाचे रक्त वारेकडे जाते आणि नीलेतून परत येते. वारेत आईचे रक्त व बालकाचे रक्त एकमेकांत मिसळत नाही. पातळ पडद्याआडून प्राणवायूची व अन्नाची देवघेव होते. वार निरोगी असेल तर तिच्यातील वाटा मोकळ्या असतात, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यातही रक्त पुढेच वाहत राहते. वार रोगट झाली म्हणजे वाटा अरुंद होतात. मग विसाव्यातील प्रवाह आधी मंदावतो. दुखणे वाढले तर तो थांबतो. आणि अगदी कठीण अवस्थेत रक्त उलटे फिरते. अशा टंचाईत बालक आपल्या परीने झटत असते. हातपाय व आतडी ह्यांकडचे रक्त कमी करून ते मेंदूकडे अधिक धाडिते, आणि हेही यंत्रास दिसते. दुष्काळात शेतकरी स्वतः अर्धपोटी राहून बियाणे राखून ठेवितो, तसेच हे. म्हणून आम्ही ह्यास हाक म्हटले ते उगीच नव्हे.

येथे कित्येक भाविक जन विचारतात की, देवाने जे झाकून ठेविले त्यात मनुष्याने डोकावणे हा उद्धटपणा नव्हे काय? शंका प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही तसेच दिले पाहिजे. झाकलेल्या वस्तूत डोकावणे दोन हेतूंनी होते. शेजाऱ्याच्या घरात चोर डोकावितो, आणि आतून धूर येताना पाहून शेजारीही डोकावितो. दोघांच्या डोळ्यांचे कार्य एकच, परंतु कोणीही शहाणा मनुष्य त्या दोघांस एका पंक्तीस बसविणार नाही. सुईण पोटावर हात ठेवून बालक आडवे आहे की उभे हे पाहत आली, तिला आम्ही कधी उद्धट म्हटले नाही. यंत्र हे त्याच हाताचे लांबलेले बोट आहे. पापपुण्य आहे ते बोटात नव्हे, तर ते ज्या मनाने लाविले त्या मनात आहे.

दुसरे कित्येक म्हणतात, "आमच्या आज्यांची दहा-दहा बाळंतपणे यंत्रावाचून घरीच झाली, आता हे खूळ कशास?" खरे आहे, झाली. परंतु त्या दहांपैकी किती लेकरे अंगणात खेळली आणि किती नाव ठेवण्यापूर्वीच गेली, हेही आजीस विचारावे. पुष्कळ आज्या ती संख्या हलक्या आवाजात सांगतात, आणि कित्येक ती सांगतही नाहीत. आणि ज्या स्त्रिया बाळंतपणातच गेल्या त्यांची साक्ष आम्हांस कधीच मिळत नाही, कारण त्या कोणाच्या आज्या झाल्याच नाहीत. म्हाताऱ्या माणसांच्या अनुभवाचा मान ठेवावा. मात्र अनुभव सांगावयास जे उरले त्यांचाच तो अनुभव असतो, हे विसरू नये.

आता आम्ही मुख्य मुद्द्याकडे येतो. ऐकणे दोन प्रकारचे आहे. एक पारखणारे, दुसरे सांभाळणारे. मुरबाड तालुक्यात म्हसा येथील यात्रेत बैल विकत घेणारा शेतकरी त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो, आणि मनास आला तरच दावे हाती घेतो. हे पारखणे बाजारात योग्यच आहे. परंतु गोठ्यात जन्मलेले वासरू रात्री हंबरले, तर तोच शेतकरी ते विकत घेण्याजोगे आहे की नाही हे न पाहता कंदील घेऊन धावतो. बाजारातील नजर घरात आणणे, आणि तीही स्वतःच्या लेकराकडे पाहण्यासाठी, हे मोठे अधःपतन होय.

आमच्या महाराष्ट्रात ते घडले आहे, म्हणून हे लिहावे लागते. जे यंत्र बालकाचे दुखणे दाखविते तेच मुलगा की मुलगी हेही दाखवू शकते. बालकाची वार कशी आहे हे विचारण्याऐवजी घरोघरी दुसराच प्रश्न विचारला जाऊ लागला, आणि उत्तर 'मुलगी' असे आले की गर्भ नाहीसा केला जाऊ लागला. ह्यास आळा घालण्याकरिता देशात सर्वांत प्रथम कायदा केला तो महाराष्ट्रानेच, १९८८ साली. १९९४ साली सर्व देशासाठी कायदा झाला, आणि २००३ साली तो अधिक कडक झाला. तरीही जनगणनेचे आकडे काय सांगतात? सहा वर्षांखालील दर १,००० मुलग्यांमागे महाराष्ट्रात १९९१ साली ९४६ मुली होत्या, २००१ साली ९१३, आणि २०११ साली ८९४. बीड जिल्ह्यात तर २०११ साली ही संख्या ८०७ होती. प्रत्येक हजारामागे ज्या मुली मोजणीस आल्या नाहीत, त्या सर्वांचे ठोके कोणीतरी ऐकिले असतील. ऐकून त्यांस न्याय मिळाला नाही. मिळाला तो केवळ निवाडा.

कायद्याने लिंग सांगणारा तसा विचारणाराही गुन्हेगार ठरतो. पहिल्याच गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि चाचणी करविणाऱ्या नातलगांस ५०,००० रुपयांपर्यंत दंडही आहे. उलट, गर्भवती स्त्रीवर पतीची वा नातलगांची सक्ती झाली असावी असे कायदा आधी धरून चालतो. ह्यात कायद्याने मोठे शहाणपण दाखविले आहे असे आम्हांस वाटते. कारण विचारणारे तोंड बहुधा तिचे नसते. येथेच एक खुळी समजूतही खोडून काढिली पाहिजे. हृदयाचे ठोके जलद तर मुलगी आणि संथ तर मुलगा, असे काही ठिकाणी म्हणतात. हे निराधार आहे. ठोके बालकाची प्रकृती सांगतात, त्याची जात सांगत नाहीत. परंतु ह्या समजुतीवरून आमच्या मनाची मात्र परीक्षा होते. आम्हांस जगण्याची खूण ऐकू येत असताना आम्ही तीत कोणते मूल्य शोधीत होतो, हे ती उघड करिते.

पारखणाऱ्या ऐकण्याचा दोष असा आहे. पण सांभाळणाऱ्या ऐकण्यातही एक सापळा आहे, तो खोट्या समाधानाचा. हातात मावणारे यंत्र आता पैसे टाकिले की घरीही येते. समजा, आठव्या-नवव्या महिन्यात बालकाची हालचाल कमी झाली, आईच्या जिवात चलबिचल झाली, आणि घरच्यांनी यंत्र लाविले. धडधड ऐकू आली. सासूबाई म्हणतात, "सूनबाई, ऐकलेस ना? सगळे ठीक आहे. आता निवांत झोप, उद्या पाहू." ह्यात तीन धोके आहेत. पहिला हा की, ऐकू आलेले ठोके आईच्याच रोहिणीचे असू शकतात. जाणती परिचारिका एका हाताने आईची नाडी मोजून दोहोंतील भेद पाहते, तो अडाण्यास समजत नाही. दुसरा हा की, ठोके बालकाचेच असले तरी ते जिवंत आहे एवढेच कळते. ते सुखात आहे की अडचणीत हे त्यावरून ठरत नाही. आणि तिसरा, सर्वांत मोठा, हा की, जो एक दिवस वाचविण्याचा होता तो ह्या समाधानात निघून जातो. विहिरीवरून वाकून "जिवंत आहेस ना?" असे विचारावे, आणि "होय" असे उत्तर येताच घरी जाऊन निजावे, तसे हे होते.

ह्यावरून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. सर्वांत जुने व सर्वांत जवळचे यंत्र आई स्वतः आहे. पाचव्या महिन्याच्या सुमारास तिला हालचाल कळू लागते, आणि पुढे आपल्या बालकाची रोजची रीत तिच्याइतकी दुसऱ्या कोणासही ठाऊक नसते. ती रीत बदलली असे ती म्हणेल तर तिचे म्हणणे यंत्राच्या आवाजाने खोडून काढू नये. तसेच ती डोके फार दुखते म्हणाली, डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणाली, तोंडावर व हातांवर सूज दिसू लागली, तर हे रक्तदाब वाढल्याचे लक्षण असू शकते. आणि ज्या दुखण्यांत वार बिघडते त्यांत हे एक मुख्य होय. बालकाचे ऐकण्याच्या भरात आईचे ऐकणे सुटले, तर तो त्या घरचा बहिरेपणाच म्हणावा. ती बालकाची पेटी नव्हे. तिचाही जीव जीवच आहे.

मग कोणी म्हणेल, यंत्र इतके उपयुक्त आहे तर प्रत्येक गर्भवतीवर दर आठवड्यास ते का लावू नये? ह्याचेही उत्तर अभ्यासाने मिळाले आहे. अनेक देशांतील प्रयोग एकत्र करून २०१७ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला त्यात असे आढळले की, ज्यांचे गरोदरपण धोक्याचे आहे अशा स्त्रियांत नाळेचा रक्तप्रवाह पाहून उपचार केल्यास जन्माच्या आगेमागे दगावणाऱ्या बालकांची संख्या दर हजारी सुमारे १७ वरून १२ वर येते. म्हणजे सुमारे २०० स्त्रियांची तपासणी केली असता एक बालक वाचते. परंतु ज्यांस काही धोका नाही अशा स्त्रियांत सरसकट ही तपासणी करून लाभ दिसला नाही. त्याशिवाय, कारण नसता आरंभीच्या महिन्यांत हे सूक्ष्म ध्वनीचे किरण बालकावर रोखू नयेत असा जाणत्यांचा सल्ला आहे. तात्पर्य, औषधाप्रमाणे ह्या यंत्रासही वेळ आहे, मात्रा आहे, आणि कारण लागते. हौसेने ऐकणे वेगळे, आणि गरजेने ऐकणे वेगळे.

आता कर्तव्य कोणाचे ते पाहू. ठाकुर्ली येथे १९२९ साली त्या वेळच्या जी. आय. पी. रेल्वेने चोळा येथील वीजगृह उभारिले, ते गाड्यांस वीज पुरविण्याकरिता. वीजगृहात वीज उत्पन्न झाली एवढ्याने गाडी हलत नसे. तारेने ती इंजिनापर्यंत पोचावी लागे, आणि मध्ये एके ठिकाणी तार तुटली तरी सर्व श्रम फुकट जात. ज्ञानाचेही तसेच आहे. तपासणी झाली, कागदावर 'प्रवाह कमी' असे लिहून आले, आणि तो कागद घरातील फळीवर पडून राहिला, तर तार तुटली असे समजावे. ती बहुधा वैद्याकडे तुटत नाही. ती भाड्याच्या पैशांपाशी तुटते, शेताच्या कामापाशी तुटते, "मुलाचा बाप आला म्हणजे विचारू" ह्या वाक्यापाशी तुटते.

ठाकुर्लीच्या रहिवाशास डोंबिवलीस शास्त्रीनगर रुग्णालय आहे, कल्याणास रुक्मिणीबाई रुग्णालय आहे. दोन्ही कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची, आणि दोन्ही जवळची. परंतु त्याच लोहमार्गाने कसाऱ्याकडे पुढे गेले, आणि शहापूर तालुक्यातील डोंगरपाड्यांकडे वळले, की पावसाळ्यात गर्भवतीस झोळीत घालून वाट तुडवावी लागते असे पाडे आहेत. जिल्हा एक, लोहमार्ग एक, आणि बालकाच्या हाकेत तर काहीच अंतर नाही. अंतर आहे ते ऐकणाऱ्यापासून पोचविणाऱ्यापर्यंतचे. म्हणून हे कर्तव्य एकट्या आईचे किंवा एकट्या बापाचे मानून चालणार नाही. ज्याच्या घरी गाडी आहे, ज्याच्या गाठीस चार पैसे आहेत, ज्यास दवाखान्यात बोलता येते, त्या शेजाऱ्याच्याही कानावर ती हाक पडलेली आहे.

आणखी एक कर्तव्य असे आहे की त्यास यंत्र मुळीच लागत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांत गर्भवतींचा अभ्यास केला. ज्या स्त्रियांच्या खाण्यात हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा होते त्यांची बालके जन्मतः अधिक भरलेली आढळली. ही खेडी आमच्याच महाराष्ट्राची, तेथील ताटे आमच्यासारखीच. पण त्या ताटात मागाहून बसणारी कोण? पुष्कळ घरांत सर्वांचे जेवण झाल्यावर उरले ते सून खाते. नाळेतील प्रवाह पाहण्यास शहरी जावे, आणि घरी मात्र तिच्या ताटात भाजी उरू नये, हा विसंगतपणा शोभत नाही. अर्थात रोगट वार केवळ भाजीने बरी होत नाही. पण जे हातचे आहे ते न करिता जे दूरचे आहे त्यासाठी झुरणे, ह्यास काळजी म्हणता येत नाही.

शेवटी एक कठीण प्रसंग राहिला, तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कधी कधी हाक ऐकू येते, सर्वजण धावतात, आणि तरीही प्रश्न सुटत नाही. सातव्या महिन्याच्या आधीच नाळेतील प्रवाह थांबला असे दिसले, तर वैद्यापुढे दोन वाटा असतात. बालकास लवकर बाहेर काढावे, तर त्याची फुप्फुसे कच्ची. आत ठेवावे, तर तेथे अन्नपाणी अपुरे. तेथे एकेक दिवस तोलावा लागतो, आणि आईचा रक्तदाब त्या तराजूत तिसरे वजन टाकितो. अशा वेळी ज्ञान आम्हांस खात्री देत नाही. ते केवळ निवड करावयास लाविते. मग निवड शहाणपणाने केली असूनही बालक गेले, तर काय म्हणावे?

आम्ही म्हणतो, अशा घरात दोष शोधावयास कोणी जाऊ नये. "आधीच नेले असते तर", "ती जड घागर उचलली नसती तर", "तिचा पायगुणच तसा", ही वाक्ये सांत्वनाची नव्हेत, ती दगड आहेत. ज्याने हाक ऐकून दोर टाकिला त्याच्या हातून माणूस निसटला, तर तो अपराधी होत नाही. कर्तव्याचे मोजमाप फळावरून नव्हे, तर धावण्यावरून होते. आणि त्या बालकाचे ऐकणे व्यर्थही गेले नाही; जे काही दिवस ते होते, तेवढे दिवस ते कोणाचे तरी होते, त्याच्यासाठी कोणीतरी रात्री उठले होते.

म्हणून आमची वाचकांस विनंती आहे ती थोडक्यात अशी. घरात कोणास दिवस राहिले की आरंभीच नाव नोंदवावे. सरकारने २०१६ पासून दर महिन्याची ९ तारीख गर्भवतींच्या विनामूल्य तपासणीकरिता नेमिली आहे, ती चुकवू नये. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, आवश्यक तपासण्या व नेण्याआणण्याची सोय विनामूल्य ठरविली आहे, हे शेजारणीसही सांगावे. वैद्याने डॉपलर तपासणी सांगितली तर ती का, हे विचारावे. आणि उत्तर आल्यावर पुढे काय करावयाचे व कोणत्या दिवशी, हेही तेथेच विचारून लिहून घ्यावे. मुलगा की मुलगी हे विचारू नये, आणि दुसरा विचारीत असेल तर त्यास थांबवावे. हालचाल कमी झाली असे आई म्हणाली तर त्याच वेळी निघावे, उजाडण्याची वाट पाहू नये; गाडी नसेल तर १०८ क्रमांकास हाक द्यावी. भाड्याचे पैसे आठव्या महिन्यापूर्वीच एका डब्यात बाजूस काढून ठेवावे, आणि ज्यांच्या घरी डबा रिकामा असेल त्यांच्याकरिता शेजाऱ्यांनी आपला उघडावा.

यंत्र बालकाची हाक आमच्या कानापर्यंत आणून सोडिते. तेथून पुढे पाय आमचे आहेत.